देवीचा नकार

पितों गाव, १९८३

हिराताई,

मोठी बहीण असून तू देवीच्या गोंधळात माझ्या पाया पडलीस. मी घामाघूम होऊन थरथरत होतो, म्हणून सगळ्यांना वाटलं, देवी अंगात आली. देवी नव्हती गं. कमरेच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या गोळ्या मी दोन वर्षं सोडल्याच नाहीत; त्या दिवशी संपल्या होत्या. आता क्वात्र बॉर्न शहरातल्या डॉक्टरांनी ही सवय ओळखलीय. तुझी भावजय गंगा गोळी कुलपातून काढून देते, दर आठवड्याला थोडी कमी. पाय एका जागी ठरत नाहीत.

पाया पडून तू तुझ्या मुलाच्या, जयरामच्या पोटाचं ऑपरेशन करू का, असं विचारलंस. मी ‘नको’ ओरडलो, ते मला हात लावू नका म्हणून. तू ऑपरेशनच रद्द केलंस!

असंच पत्र घेऊन दोनदा पोस्टापर्यंत जाऊन परत आलो. काल कळलं, जयरामचं पोट पुन्हा दुखतंय, आणि तू माझ्या पायांजवळचा अंगारा लावतेस.

तुझा धाकटा,
बलराम