जादाचे पाटे

सूरज,

तुझं तोंड बघायची इच्छा नाही म्हणून लिहून ठेवतोय. पिकअपच्या मागच्या स्प्रिंगला तू घातलेले दोन जादा पाटे मी आज काढून आणले. तुझ्या पलंगावर ठेवलेत. चादरीला ग्रीस लागलं असेल, धू.

मला म्हणालेलास, "बाबा, गाडी वळणावर झुलणार नाही, तुमच्या कमरेला आराम." मी येडा, पोराला बापाची काळजी आहे म्हणून चार जणांना सांगत फिरलो.

सकाळी पुलाच्या उतारावर ब्रेक पूर्ण दाबला तरी गाडी थांबेना. डावीकडे कठड्याला घासत नेली म्हणून पुढची रिक्षा वाचली. माल उतरवून वागळे इस्टेटला मेकॅनिककडे गेलो, तर तो हसला. म्हणाला, "काका, हे पाटे आरामाचे नाहीत. ओव्हरलोड गाडी मागून बसलेली दिसू नये, पोलिसांनी अडवू नये म्हणून घालतात." मग मालाची पावती वाचली. दीड टनाच्या गाडीत अडीच टन लाद्या भरून, वर ताडपत्री बांधून चावी बापाच्या हातात दिलीस. शिसारी आली मला तुझी. पाटे वाढवलेस, ब्रेक तेच.

चावी फ्रीजवर आहे. उद्यापासून तुझा माल तूच ने. डावा आरसा तुटलाय, दरवाजा उघडत नाही.

उर्वीला काही विचारू नकोस. शाळेत सोडायचं म्हणून ती त्याच दरवाजाला टेकून बसलेली. तुझी पोर टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, आजोबा गंमत करतायत.

बाबा