काचेवरचं कुंकू

बाबा, आज दुपारी तुमचा कॅमेरा साफ केला. तुम्ही गेल्यापासून तो पेटीतच असतो, फक्त दसऱ्याला बाहेर निघतो. आई त्याला पाटावर ठेवते, हळद-कुंकू लावते आणि पुन्हा कापडात गुंडाळते. स्वतःच्या कपाळाला ती आता काही लावत नाही, पण कॅमेऱ्याला लावते. तुम्ही होतात तेव्हा पूजेच्या वेळी भिंगाच्या काचेपुढे तळहात धरून बसायचात आणि आई हसत कुंकू तुमच्या हातालाच लावायची. तो हात काच वाचवायला होता हे तिला कधी कळलंच नाही. तिला वाटायचं, मान तुम्हालाच हवा आहे. म्हणून तुमच्यामागे ती दरवर्षी झाकण काढून थेट काचेवर बोट टेकवत आली.

कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावांमधल्या बायका मोहफुलं, डिंक, चारोळी गोळा करतात. त्यांच्या कामाचे फोटो काढायला एका संस्थेला मुलगी हवी आहे. राहायची सोय आहे, कॅमेरा मात्र स्वतःचा लागतो. जंगल म्हटलं की जगाला वाघ दिसतो, माणसं दिसत नाहीत, असं मी कॉलेजातल्या भाषणात म्हणाले होते. अजूनही तेच मानते. काकांनी ओट्यावरूनच टोमणा मारला, "आपल्या मोहर्लीत दुनिया वाघाचे फोटो काढाले येते, अन् आमची पदवीवाली डिंकाचे फोटो काढाले कुरखेड्याले चालली!" आई हसली नाही. म्हणाली, "कॅमेरा चालू झाला त जा. नाई झाला त इथीच राह्य. मी अडवत नाई." कॅमेरा कधीचा मेला, असं घरात सगळेच धरून आहेत. मला इथं कुणी रागावत नाही, बाबा. माझा पदवीचा फोटो भिंतीवर लावला आहे. पण मी दुकानापर्यंत गेले तरी परत येईपर्यंत आई दारात उभी असते.

आधी पंखा बंद केला. जुनी बॅटरी फुगली होती, ती न दाबता, न टोचता बाहेर काढून वेगळी ठेवली. काचेच्या कडेला कुंकू बसलेलं, खाचेत हळद. पुसायला हात शिवशिवत होते, पण कण तसेच घासले तर काचेवर ओरखडे पडतात. कॅमेरा उलटा, काच खाली करून धरला आणि रबरी फुग्यानं हवा मारली. खाली पाटावर लाल भुकटी पडली. लहानपणी मी तोंडानंच फुंकर मारली होती तेव्हा तुम्ही ओरडला होतात, "थो चुला होय काय फुकाले?" थुंकी उडते, ओल राहते. मग मऊ ब्रश. शेवटी काच पुसायच्या औषधाचा एक थेंब काचेवर नाही, कापडावर, आणि मधून कडेकडे हळूहळू गोल. आतल्या भागाला हात लावलाच नाही, ते घरी करायचं काम नव्हे.

चंद्रपूरहून आणलेली नवी बॅटरी घातली, बटण सरकवलं. कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा उजळला. त्यात आपली खिडकी, गजांसकट, अगदी स्वच्छ.

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली. "झाला काय व सुरू?" आईनं विचारलं.

"नाई, आई," मी म्हणाले, आणि बॅटरी काढून घेतली.

"राहू दे मग. च्या मांडते," ती म्हणाली. तिचा आवाज किती हलका झाला होता!

आई एकटी पडेल म्हणून खोटं बोलले, असं लिहायला बसले होते. तसं नाही. इतकी वर्षं वाटत होतं की मला हे घर धरून ठेवतं. पडदा उजळला आणि अडवणारं कुणीच उरलं नाही, तेव्हा बॅटरी मीच काढली. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून तर एवढं लिहिता आलं. साफ करताना सगळा वेळ मला वाटत होतं, बाबा, हा चालू होऊ नये.