गॅरेजातल्या काकवीची वाटणी

मी, साईराज यल्लाप्पा देसूरकर, वय बावीस, राहणार मच्छे, तालुका बेळगाव, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलेला, धंदा घरच्या गॅरेजात उसाची काकवी करणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, अंगात ताप नसताना आणि कुणावर रागावलेला नसताना लिहीत आहे. यातली शेवटची गोष्ट क्वचित घडते, म्हणून आजच लिहून ठेवतो.

परवा, मंगळवारी, माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पण दवाखान्यात कन्नड आणि इंग्रजीत छापलेला फॉर्म पुढे केला: काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही. आप्पांनी बोट ठेवले, ‘हितं सही कर.’ मी केली. घरी आल्यावर लक्षात आले, माझ्यामागे काकवीचे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नाही.

१. गॅरेज आप्पांचे आहे, ते मला कुणाला देता येत नाही. हे नागेंद्रने सांगितले. नागेंद्र माझा मित्र, कोर्टासमोरच्या बॉण्ड रायटरकडे टायपिंग करतो. तरी माझ्यानंतर आप्पांनी तिथे पुन्हा गाडी लावू नये, एवढी विनंती. परदेशातला एक म्हातारा आपल्या गॅरेजात मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतो, असा व्हिडिओ मी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आप्पांची गाडी न विचारता चिंचेखाली नेऊन लावली. ते म्हणाले, ‘मेपल कुठनं आणणार रं? चिंच आटवतोस व्हय?’ मी म्हणालो, ‘आपल्याकडं ऊस हाय की.’ महिनाभर आमचे बोलणे नव्हते. मग एका सुट्टीला, ते कामाला आहेत त्या फाउंड्रीतून वेल्डिंग मशीन आणून त्यांनीच कढईचा स्टँड जोडून दिला, तोही न बोलता. सबब तो स्टँड आप्पांचा.

२. उसाचा चरक, कढई आणि झारा कल्लाप्पामामांना. निपाणीकडच्या गुऱ्हाळावर त्यांनी मला उकळत्या रसात भेंडीचे पाणी घालून मळी वर आणायला शिकवले. अट एकच. गुऱ्हाळावर आलेल्याला चव दिल्याशिवाय कुणी पाठवत नाही, तसेच गॅरेजचे. कढई चढली की शटर वर. आमच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांनासुद्धा चव द्यावी. मी वर्गात उलट बोललो तेव्हा ते म्हणाले होते, ‘तू रसाचा गाडा लावणार.’ त्यांना एक बाटली घरपोच द्यावी. माफी म्हणून नव्हे. भाकरीबरोबर खावी म्हणून.

३. थर्मामीटर आणि धंद्यातला माझा सगळा हक्क रचनाला. रचना आमच्याच कॉलेजची, आता अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या पहिल्या बाटल्यांच्या तळाशी साखर धरली, तेव्हा मी तिला एक दाखवली. ‘ही काकवी न्हाय, खडीसाखर हाय. अंदाजानं आटवतोस?’ मी भडकलो. मामा नुसते बघून कढई उतरवतात, असे सुनावले. ती म्हणाली, ‘मामांचा डोळा चाळीस वर्षांचा हाय. तुझा चार दिवसांचा.’ आणि दुसऱ्या दिवशी थर्मामीटर आणून दिला. तेव्हापासून एकशे पाच अंशांवर गॅस बंद. साखर धरलेली नाही. तेव्हापासूनच माझे तिच्यावर प्रेम आहे.

हे तिला मी सांगितले नाही. लेबलावर छापले. ‘रचना काकवी’, दोनशे लेबले. ती म्हणाली, ‘मला न विचारता? मी काय अगरबत्ती हाय?’ मी म्हणालो, ‘मग जा.’ ती गेली. त्याच तिरीमिरीत, नागेंद्र ‘थांब रं, एका बाजूनं धरतो’ म्हणत असताना, रसाचा भरलेला कॅन मी एकट्याने उचलला. हर्निया तो. तीन आठवडे ती आलेली नाही. तिचे बरोबर होते. हे तोंडाने म्हणायला जमले नाही, म्हणून इथे लिहितो.

४. ती दोनशे लेबले जाळून टाकावीत.

नागेंद्रला काही ठेवलेले नाही, कारण तो साक्षीदार आहे. त्यानेच बजावले आहे की ज्याला द्यायचे त्याची साक्ष घ्यायची नाही, पुढे घोळ होतो. ‘तुला काय मिळणार न्हाय, चालंल?’ असे विचारले तर म्हणाला, ‘तुझ्याकडं रागाशिवाय हाय काय?’

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी:

दुसरा साक्षीदार आणतो म्हणून नागेंद्र गेला आणि रचनालाच घेऊन आला. मी ओरडलो, ‘अरे, तिची साक्ष चालत न्हाय, तिला द्यायचंय!’ तो म्हणाला, ‘तिला सांगितलंय सगळं.’ तिने कढईशेजारी उभे राहून हा कागद पहिल्या ओळीपासून वाचला. मी झारा पुसत राहिलो. तो आधीच स्वच्छ होता.

‘सही केली की यातलं मला काय मिळत न्हाय, असंच न्हवं?’

‘व्हय.’

‘मग पेन दे. तू मेल्यावरचं घेऊन मी काय करू? बरा हो आणि भागीदारीचा कागद कर. निम्मं-निम्मं. आणि ह्या खेपेला तोंडानं विचार.’

मी तोंडाने विचारले. काय विचारले आणि ती काय म्हणाली, ते या कागदाचा भाग नाही. नागेंद्र तेवढ्यापुरता बाहेर चिंचेखाली आप्पांच्या गाडीत जाऊन बसला होता.

सबब कलम तीन रद्द. बाकी कायम.

ठिकाण: मच्छे
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: साईराज यल्लाप्पा देसूरकर (सही)

साक्षीदार:
१. नागेंद्र शिवाजी मुतगेकर (सही)
२. रचना परशराम होनगेकर (सही. सगळं वाचलं. कलम चारमधली लेबलं माझ्या पिशवीत आहेत, कुणी शोधू नयेत.)