कोर्टाचं मांस

टँबरलेन खिंड,
११ जून १९११

ओर्फाताईस तिच्या पळपुट्या भावाचा नमस्कार. हातपाय शाबूत आहेत. तुझी खुशाली कळव.

अक्षराला हसू नकोस. सहावीत शाळा सोडून पळालो तेव्हा एवढंच पदरात पडलं होतं.

रेल्वे कंपनीचं दिवाळं निघालं आणि सगळी लाइन कोर्टानं ताब्यात घेतली, हे तुला माहीतच आहे. कोर्ट म्हणजे आपले मामा. म्हणून रूळ कोर्टाचे, इंजिनं कोर्टाची आणि आम्ही गँगमनही कोर्टाचे. बराकीच्या दारावर हुकूम डकवलाय: कुणी मिळून काम सोडलं, किंवा दुसऱ्याला सोडायला लावलं, तर ती कोर्टाची बेअदबी. खाली ठसठशीत नाव, ल्यूशस कॅल्डर. तो माझा मामा, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते.

जेवायला जे मांस मिळतं ते हिरवट पडलेलं असतं. काल त्यात वळवळ दिसली. मी ताटली भिरकावणार तोच तोइवो म्हणाला, थांब बाबा, त्या अळ्याही कोर्टाच्याच, बेअदबी होईल. तोइवो फिनलंडचा. मी रुळाखालच्या लाकडी स्लीपरचं एक टोक उचलतो तेव्हा दुसरं त्याच्या खांद्यावर असतं. हसलो खूप, पण पोटात काही गेलं नाही.

गेल्या आठवड्यात मामांचा खास डबा इथे आला आणि चार दिवस बाजूच्या रुळावर उभा राहिला. त्यांच्या माशांसाठी बर्फाच्या लाद्या आम्हीच वाहिल्या. आमच्या मांसाला मात्र बर्फ मिळत नाही. मामा सकाळी गळ घेऊन ओढ्यावर, संध्याकाळी पत्ते. एकदा अगदी समोरून आले. म्हणाले, ए, वाट सोड. ओळखलं नाही. बरं झालं. त्यांच्या बुटांच्या पॉलिशचा वास मला त्या मांसापेक्षा घाण वाटला.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा डेल्मर


हार्मन सिटी,
२० जून १९११

चि. डेल्मर यास ताईचे आशीर्वाद. लोकरी मोज्यांचे दोन जोड पाठवते आहे. ते पायात घाल, पत्त्यांत हरू नकोस.

तुझ्या पत्राचा राग आला. मामांवर तोंड टाकताना आई गेल्यावर आपल्याला कुणी पोसलं ते आठव. लोहाराचा मुलगा. वकिलाच्या ऑफिसात झाडू मारता मारता कायदा शिकला, वीस वर्षं रेल्वेची वकिली केली आणि शेवटी खुद्द राष्ट्राध्यक्षांनी फेडरल जज्ज म्हणून नेमला, तेही तहहयात. अशा माणसाला काढायचं तर वॉशिंग्टनच्या काँग्रेसलाच, म्हणजे संसदेलाच, उठावं लागतं.

आणि नेमकी तीच पाळी आली आहे. कुणीतरी तक्रार केली की ताब्यातल्या रेल्वेचा डबा जज्ज मौजेसाठी फिरवतात, आणि रेल्वेवर नेमलेला कारभारीही त्यांचाच जुना भागीदार. पुढच्या महिन्यात चौकशी समिती येणार. मामा म्हणतात, ते खिंडीत रूळ तपासायला गेले होते. मी विचारलं, रूळ तपासायला गळ कशाला लागतो? हसले नाहीत.

माझ्या हातून एक चूक झाली. तुझं पत्र थोडं गाळून मी जेवताना वाचून दाखवलं. मामांचा काटा हवेतच थांबला. म्हणाले, म्हणजे पोरगा तिथेच होता की! घरचाच साक्षीदार मिळाला. मामा रोज रूळ बघत होते एवढं तू शपथेवर लिहून द्यावंस, कोर्टात शिपायाची नोकरी तुझीच, असं त्यांचं म्हणणं. मी फक्त निरोप पोचवते आहे. तुझ्या मनाला येईल ते कर, पण उद्धटपणा करू नकोस.

रागावले तरी तुझीच,
ओर्फा


टँबरलेन खिंड,
३ जुलै १९११

ओर्फाताईस नमस्कार. मोजे मिळाले. एक जोड तोइवोला दिला. तो त्यानं तुरुंगात नेलाय.

सांगतो. मांस परत तसंच आलं. तोइवो म्हणाला, आपण कुत्रे नव्हे, मी चाललो. एकटाच चालला होता, गं. पण त्यांच्या लोकांत रीत आहे, जाणारा माणूस एकेकाचा हात हातात घेऊन निरोप घेतो. तशी त्यानं सगळ्या बराकीला फेरी मारली. चाळीस माणसं, चाळीस हात. म्हाताऱ्या स्वयंपाक्याचासुद्धा. तो गेल्यावर अकरा जणांनी बोचकी उचलली आणि त्याच्या मागून निघाले. स्टेशनावर कोर्टाचा मार्शल उभाच होता, त्यानं तोइवोला पकडलं.

मामांनी ऑबर्न फॉल्सच्या कोर्टात पाच मिनिटांत निकाल दिला. म्हणे ते हात मिळवणं म्हणजे गुप्त कटाची खूण. सहा महिने. बेअदबीला ज्युरी नसते; ज्याची बेअदबी झाली तोच न्याय करतो. आमच्या बराकीत खुद्द चोरसुद्धा चोरीचा निवाडा करायला बसत नाही.

शपथेचं विचारलंस. मामांना सांग, मी रुळांची शपथ घेईन, त्यांची नाही. उद्धटपणा झाला असेल तर झाला.

तुझा डेल्मर


हार्मन सिटी,
१० जुलै १९११

चि. डेल्मर यास ल्यूशस कॅल्डर याचे अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम.

पत्रास कारण की, त्या फिनलंडच्या इसमाशी तुझा स्नेह असल्याचे ओर्फाकडून समजले. तिने त्याच्यासाठी रदबदलीही केली. कायदा निष्ठुर नाही. आरोपीने खेद व्यक्त केल्यास बेअदबी धुतली गेली असे मानून त्यास सोडण्याचा अधिकार मजकडे आहे. माझे मन त्या बाजूस झुकेल असे काही घडावे, अशी इच्छा आहे.

सोबत मसुदा जोडला आहे. वाचून सही करावी. तू विचारी आहेस, हे मी तू लहान असल्यापासून जाणतो.

तुझा हितचिंतक मामा,
ल्यूशस कॅल्डर


ऑबर्न फॉल्स,
३० जुलै १९११

ओर्फाताईस नमस्कार. हे पत्र एकटीनं वाच.

मी सही केली. जज्जसाहेब चारही दिवस कंदील घेऊन रूळ तपासत होते, असं त्या कागदात होतं. कंदील! मोटारीच्या धुरात तोंड घालावं तसं वाटलं. पण म्हटलं, तोइवो बाहेर येतोय ना, मग घाण आपण खाऊ. खायची सवय आहेच.

परवा त्याला मामांपुढे उभा केला. अंगानं अर्धा झालाय. मामा अगदी गोड आवाजात म्हणाले, तुला खेद होतो एवढं म्हण आणि घरी जा. तोइवोनं विचारलं, कशाचा खेद? मामा म्हणाले, त्या हात मिळवण्याचा. तो विचारात पडला. खरंच पडला, मी बघत होतो. मग म्हणाला, साहेब, हात न मिळवता कसा जाऊ? माझ्या आईनं मला असं वाढवलेलं नाही. मागे कुणीतरी हसलं. मामांनी टेबलावर थाप मारली आणि त्याला परत आत नेलं. जाताना बेडीतले हात वर करून त्यानं माझा हात धरला. मी त्या हातांकडे बघितलं तर त्यातला माझा खोट्या सहीचा होता. मला कोर्टाबाहेर जाऊन ओकावं लागलं.

समिती इथल्याच हॉटेलात उतरली आहे. उद्या जाऊन सांगतो की तो कागद खोटा आहे. खोट्या शपथेबद्दल मला आत टाकतील. टाकू देत.

आणखी एक. मामांच्या पत्रातलं आणि त्या मसुद्यातलं अक्षर तुझं होतं. मामा सांगत गेले आणि तू लिहीत गेलीस. ते ओळखल्यावर कागद हातात धरवेना. रागावलो नाही, ताई. किळस आली. खोटं कशाला बोलू?

डेल्मर


हार्मन सिटी,
४ ऑगस्ट १९११

चि. डेल्मरला ताईचा आशीर्वाद, तो अजून चालत असेल तर.

समितीनं तुला थांबवून घेतल्याची तार मामा नाश्त्याला बसले असताना आली. अंड्याचं टरफल सोलता सोलता वाचली. सगळं अंडं खाल्लं, मिशी पुसली, मग म्हणाले, पोराचं डोकं लहानपणापासून फिरलेलं आहे, असं समितीला कळवू. ओर्फा, कागद घे, लिही. मी कागद घेतला. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं. मी लिहिलं नाही. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून परत सांगितलं, जरा मोठ्यानं.

अकरा वर्षं त्यांची पत्रं मी लिहिली, डेल्मर. आपल्या चुलत्यांना, सिनेटरला, त्या कारभाऱ्याला. कोणता डबा कोणत्या तारखेला कुठे हवा, तेही. मला ते मजकूर दिसत होते आणि मी फक्त अक्षर वळणदार येतंय ना एवढंच बघत होते.

त्या कागदावर मी माझ्या मनानं समितीला दोन ओळी लिहिल्या, की डब्याची पत्रं आणि तो मसुदा माझ्याच हातचा आहे, साक्षीला येते; आणि मामांच्या समोरच पाकिटात घातल्या. ते म्हणाले, माझी सही राहिली. मी सांगितलं, यावर माझी सही आहे.

दुपारच्या गाडीनं तुझ्याकडे निघते. तिकीट काढलंय.

तुझी,
ओर्फा