एकडोळ्या

मेस्केरेम ८

आलो एकदाचे. घाटात बस दोनदा बंद पडली, शेजारच्या माणसाने आपला बोकड माझ्या नव्या शालीवर टेकवला, आणि तरी आज मी खुशीत आहे. तळ्याकाठी शाळा, शाळेमागे आमच्या दोन खोल्या, मेस्केरेम म्हणजे नव्या वर्षाचा पहिला महिना, त्यामुळे दाराशी पिवळ्या फुलांचा नुसता सडा. माझी लेक मेहेरेत पोचल्या पोचल्या लव्हाळ्याच्या होड्या बघायला पळाली. तिला परत आणायला मलाच जावं लागलं.

घरमालकीण एमाहोय लाकेच. नवरा गेल्यावर जोगीण झाली, म्हणून एमाहोय म्हणायचं, पण तोंडाला खीळ नाही. माझी खोकी बघून म्हणाली, "मास्तरीणबाई, एवढी पुस्तकं आणलीत, तवा आणला का?" नव्हता आणला. मग तिनेच इंजेराची आंबूस भाकरी आणि शिरोचं पिठलं वाढलं आणि कॉफीची तिसरी फेरी झाल्याशिवाय उठू दिलं नाही.

माझा नवरा तेशोमे जाऊन वर्ष झालं. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे मला बघून कुणी चुकचुकत नाही. ते बरं वाटतं.

मेस्केरेम १३

लाकेचने भल्या सकाळी देवळात नेलं. चपला बाहेर, उंबरठ्याचं चुंबन, बायकांच्या दाराने आत. गाभाऱ्याच्या भिंती खालपासून वरपर्यंत रंगवलेल्या. मधोमध मरियम, मांडीवर बाळ. तिचे डोळे एवढे मोठे की चुकवू म्हटलं तरी चुकवता येत नाहीत.

देवळातले धर्मगुरू अबा ज़ेना म्हातारे आहेत, हळू बोलतात. मी तेशोमेसाठी भराभरा मागायला लागले तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, आधी मागू नकोस, पोरी. आधी तिच्या डोळ्यांत बघ. बघत राहिलीस की थोड्या वेळाने चित्र तुझ्याकडे बघायला लागतं. मग माग.

मी शाळेत शास्त्र शिकवते. पण उभी राहिले, आणि खरंच कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा छाती हलकी झाली.

मेस्केरेम १९

क्रुसाच्या सणाची होळी परवा पेटली. मेहेरेतच्या केसांना अजून धुराचा वास येतो.

आता आम्ही दोघी रोज शाळेआधी लाकेचबरोबर देवळात जातो. आज तिने विचारलं, त्या कोपऱ्यातल्याला एकच डोळा का? येशूला दोरी बांधून ओढत नेणारा शिपाई आहे तो. मी सांगितलं, सज्जन माणसं समोरून काढतात, दोन डोळ्यांची. दुष्ट बाजूने काढतात, एका डोळ्याचे, म्हणजे प्रार्थना करताना त्यांच्याशी नजरानजर होत नाही.

तिने विचार केला. मग म्हणाली, "आपण बाबासाठी मागतो. एकडोळ्यासाठी कोण मागतं?"

मला घरी जाऊन कॉफी हवी होती. म्हटलं, तूच माग. लाकेच फिस्सकन हसली. पोर मात्र खरंच त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिली.

मेस्केरेम २८

मेहेरेत आता मरियमकडे जातच नाही, थेट कोपऱ्यात. मन मोठं आहे पोरीचं, बापावर गेली आहे.

शिपायाच्या नाकापलीकडे आज एक बारीक काळी रेघ दिसली. पापणीसारखी. उदाचा धूर बसला असेल, म्हणून पदराने पुसली. निघाली नाही.

तिकिम्त ३

रेघ नाही ती. डोळ्याचा कोपरा आहे. नाकही आधी धारदार होतं, आता बसकं दिसतं, माणूस आपल्याकडे वळताना दिसतं तसं. लाकेचला दाखवलं. म्हणाली, पहाटे पोटात काही नसतं तुमच्या, म्हणून भास होतात. पण तिने स्वतः दुसऱ्यांदा बघितलं नाही.

घरी मेहेरेत ताटाशी आडवी बसते. भिंतीकडे तोंड, मला फक्त डावी बाजू दिसते. म्हटलं, नीट बैस. म्हणाली, नीटच बसलेय.

तिकिम्त ६

वर्गातही तशीच. फळ्याकडे आडवी बसते. बाकीची मुलं हसत नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

मी तिच्या उजवीकडे बसायला गेले, ती वळली. पुन्हा गेले, पुन्हा वळली. पाय हललेले मला दिसले नाहीत. तिच्या उजव्या गालावर तीळ आहे. कितीतरी दिवसांत तो पाहिलेला नाही. वेणी घालताना उजवीकडे हात नेला — गाल हाताला लागलाच नाही. केस, आणि मग थेट —

नको. लिहवत नाही.

तिकिम्त ८

अबांना ओढतच नेलं. शिपाई जवळजवळ समोर बघतोय. दुसरा डोळा अर्धा उघडलेला. ओला.

अबांनी काठी टेकली आणि जमिनीवरच बसले. मग विचारलं, त्याच्यासाठी कुणी मागितलं? मी सांगितलं. म्हणाले, लहान मूल मागतं ते पोचतंच. ज्याच्यासाठी मागितलं तो सुटतो. पण त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितलं होतं, या भिंतीला एक आडवा, एकडोळ्या चेहरा लागतोच. तो सुटला की मागणाऱ्याने त्याच्या जागी उभं राहायचं.

मी ओरडले त्यांच्यावर. देवळात. सात वर्षांची आहे ती, आणि माग म्हणून मी सांगितलं होतं. ते रडत होते. पडदा ओढला त्यांनी चित्रावर, आणि पडदा —

पडद्यातूनही दिसतो तो डोळा.

तिकिम्त १०

मेहेरेतला शाळेत नेलं नाही. दार लावून घेतलंय. ती कोपऱ्यात उभी असते. बोलते नेहमीसारखी, गोड, शिरोत तिखट जास्त झालं म्हणून कुरकुरते. पण दारासमोर येते तेव्हा — उजेडात — जाडीच नाही तिला. भिंतीवर चिकटवल्यासारखी —

मिठी मारली. हातात आलं ते अर्धंच.

आज सकाळी तिने विचारलं, आई, दोरी जड असते का गं?

तिकिम्त ११

ठरवलं. मागणाऱ्याने उभं राहायचं ना. मग खरं मागितलं ते मीच. माग म्हणणारी मी. जीभ माझी.

पहाटे गेले. लाकेच पोरीपाशी बसली. पडदा बाजूला केला. मरियमकडे नाही गेले. त्याच्यासमोर उभी राहिले, जसं अबांनी शिकवलं तसं. आधी डोळ्यांत बघितलं. दोन्ही. माणसाचेच डोळे आहेत, दमलेले. वाट बघितली. मग तो माझ्याकडे बघायला लागला.

मग त्याच्यासाठी मागितलं, माझ्या स्वतःच्या तोंडाने.

तिकिम्त १२

तीळ दिसला. उजव्या गालावर, होता तिथेच. मेहेरेत समोर बसून जेवते आहे आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे टकामका बघते आहे. तोंड धरून मुके घेतले, दोन्ही गालांचे. भरलेले गाल. मी आज सुखी आहे, हे इथे लिहून ठेवते.

वहीची उजवी बाजू दिसत नाही. पेन तिकडे जातं आणि —

लाकेच भाकरी घेऊन आली. मला बघून दारातच थबकली. टोपली उंबऱ्यावर ठेवून गेली.

मेहेरेत विचारते आहे, आई, तू अशी आडवी का बसलीस. म्हटलं, समोरच बसले आहे, बाळा, तुझ्याकडेच बघते आहे. ती उठून माझ्या पलीकडे गेली. मी मान हलवली नाही. हलवली नव्हती, तरी —

आता ती रडते आहे. म्हणते आहे, आई, इकडून पण ये ना. इकडून तू —