घरबसल्या संशोधन

१४ जून २०२१, नांदेड
पोचले एकदाची! घरी नायगावात नेट म्हणजे आलं तर आलं, म्हणून दोन महिने समीक्षामावशीकडे मुक्काम. तिनं खिडकीपाशी टेबल मांडून ठेवलंय, वर नवा टेबलक्लॉथसुद्धा. संशोधनाची इंटर्नशिप मिळालेली आमच्या बीएस्सीच्या वर्गातली मी एकटीच. कोरोनामुळे ती आता ऑनलाइन. तिथले सर म्हणाले, "लुंबिनी, घरबसल्या संशोधन! केवढी सोय!" पोहणंही असंच शिकवा म्हणावं, पलंगावर.

१६ जून
संशोधन म्हणजे काय, तर लातूरच्या कुलूपबंद प्रयोगशाळेतला कॅमेरा बघत बसायचं. काचेच्या टाकीत डासांच्या अळ्या, त्या दर तासाला मोजायच्या. मी आणि उदगीरचा सोमेश, दोघंच. अळ्यांना खायला कोण घालतं, असं विचारलं. सर म्हणाले, चांगला प्रश्न. आज मुद्दाम चार हजार अळ्या लिहिल्या. उत्तर आलं, "एक्सलंट!"

१८ जून
टाकीमागच्या खुर्चीवर पांढऱ्या कोटातली बाई, पाठमोरी. सरांना सांगितलं. नेट स्लो असलं की असं दिसतं म्हणे. नेट स्लो असलं की बाई दिसते! ह्या माणसाला पीएचडी दिली कोणी? सोमेशचा फोन आला. "सकाळपासून हललीच न्हाई ती. तिथला स्पीकर चालू हाय, हाक मारून बघू का?" मी नको म्हणाले. त्यानं मारलीच.

२१ जून
सोमेश दोन दिवस गायब. सरांच्या लेखी मात्र हजर, लॉगिन दिसतंय ना! त्याच्या घरी फोन लावला. आई गौरम्मा रडत सांगत होत्या. लॅपटॉपमधून कुणीतरी त्याचं नाव घेतलं, ह्यानं ओ दिली, तवापासून पिवळ्या टीशर्टात भिंतीकडं तोंड करून बसलाय. वळंना, जेवंना.
कॅमेरा उघडला. आता दोन पाठी. दुसरी पिवळ्या टीशर्टातली.

२२ जून
सरांवर ओरडले, कुलूप उघडून बघा. ते म्हणाले, मी पुण्यात आहे, किल्लीचं बघतो. निरीक्षण छान आहे, रिपोर्टात टाका. थू तुमच्या रिपोर्टावर.

२३ जून, दुपारी बारा
लॅपटॉप बंद केला. वायर काढली. तरी आतून सोमेशचा आवाज — माझं नाव — तीनदा. ओ दिली नाही. देणार नाही.

साडेबारा
आवाज थांबला. स्वयंपाकघरातून मावशीनं हाक मारली, "लुंबे, जेवायला ये गं." आले म्हणाले —
मावशी तर सकाळीच लसीच्या रांगेत —
मान वळत ना