भोंगा वाजल्यावर जानकीमावशी

गुरुवार, संध्याकाळ

तो कोयता डोळ्यांसमोरून जातच नाही.

गेल्या महिन्यात एका पेशंटच्या दारुड्या भावाने माझा गळा धरला, म्हणून आज आमच्या आरोग्य केंद्रात धोक्याचं बटण बसवलं. बटण माझ्या टेबलाखाली, भोंगा छतावर. फिटर म्हणाला, "सिस्टर, दबाके देखो." दाबलं.

केवढा आवाज! खिडकीतून बघते तर समोरच्या आळीत धडाधड दारं लागतायत. मग लक्षात आलं. शेजारच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या गळतीच्या सरावात इथे हेच शिकवतात, भोंगा झाला की घरात जा, दारं-खिडक्या लावा. मीही घरोघर जाऊन हेच सांगितलंय! मदतीला बोलवायचं बटण, आणि अख्खा गाव आत. कपाळ माझं.

तेवढ्यात फाटकाजवळ मासळी विकणारी जानकीमावशी कोयता घेऊनच आत धावत आली. मी दचकलेच. तिने तो माझ्या टेबलावर टाकला आणि भराभर खिडक्या लावू लागली.

"बाय, बगत काय बसलीस? भोंगा झाला ना!"

"मावशी, ही नुसती तपासणी होती. तुम्ही घरी का नाही गेलात?"

"तुजी खिडकी उगडी दिसली. तू सांगलीची, तुला काय ठावं?"

तिचं घर फाटकासमोरच, दहा पावलांवर. हवेत विष आहे असं समजून ही सत्तरीची बाई उलटी माझ्याकडे आली? अख्खं पटांगण ओलांडून?

टेबलावर कोयत्यावरचे माशांचे खवले अजून चिकटलेत. पुसवत नाहीत.